बागेतल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की "चल, आधी मनगटं गरम कर" म्हणून तुम्ही विषयच बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

प्लँश, म्हणजे फक्त दोन तळहातांवर अख्खं अंग जमिनीला समांतर तोलायचं, ते शिकायचं म्हणून मी बडोद्याच्या कामाटीबागेत यायला लागले, तेव्हा माझ्याजवळ फक्त मोबाईलवरचे व्हिडिओ होते. तुम्ही आयुष्यभर मलखांब केलेला. प्लँशचं नावही तुम्ही माझ्याकडूनच ऐकलंत. तरी एकदा बघूनच तुम्ही नेमकं सांगितलंत. मयूरासनात कोपरं वाकवून पोटाखाली घेतो, त्यामुळे धडाला टेकू मिळतो. इथं कोपरं ताठ, टेकू कसलाच नाही. म्हणजे खांदे मनगटांच्या बरेच पुढे गेल्याशिवाय पाय सुटायचेच नाहीत.

मग माझ्या दोन्ही फऱ्यांच्या (खांद्यांमागच्या चपट्या हाडांच्या) मध्ये दोन बोटं टेकवून म्हणालात, "ही वर ढकल." ढकलता ढकलता पाठ कासवासारखी गोल झाली, फरे बाजूंना सरकले आणि गुडघे छातीशी घेतलेल्या अवस्थेत पावलं जमिनीवरून उचलली गेली. इतके दिवस नुसती ऐकलेली गोष्ट तेव्हा अंगाला कळली.

पण सगळ्यात मोठे उपकार वेगळेच. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हटल्याबरोबर तुम्ही ताठ हाताचे सगळे प्रकार बंद करायला लावलेत. स्नायूंत ताकद लवकर येते, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र सावकाश तयार होतात, आणि कोपर ताठ ठेवून अंग तोललं की बायसेप्सच्या कंडरेवर जबरदस्त ताण येतो. हे वेळेवर सांगणारं कुणी नसल्यामुळे किती गुणी पोरं दुखणं घेऊन घरी बसतात! मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

पुन्हा सुरू केल्यावरही घाई नाही. आधी गुडघे छातीशी घेतलेला टक, मग पाठ सपाट करून गुडघे छातीपासून दूर नेलेला अॅडव्हान्स्ड टक, पाय लांब करून फाकवलेला स्ट्रॅडल त्यानंतर. वजन तेवढंच असतं, पण पाय जितके लांबवावेत तितकं ते खांद्यांपासून दूर जातं आणि खांद्यांवरचा भार वाढतो. कंबर खचली की तुम्ही लगेच "उतर" म्हणता, मोजणी तिथेच संपते. दांडीला लटकून, तोंड वर ठेवून अंग आडवं ताठ धरायच्या फ्रंट लीव्हरचंही तसंच: "हात न वाकवता दांडी कमरेकडे ओढ," एवढ्या एका सूचनेनं माझी पाठ कामाला लागली.

व्यायामाचार्य प्रो. माणिकरावांच्या बडोद्यात आजही कुणी पहाटे उठून दुसऱ्याच्या मुलीला एक पैसा न घेता शिकवतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

काकूंना नमस्कार सांगा. उन्हाळ्यात तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात की स्ट्रॅडलचे व्हिडिओ पाठवत जाईन. कोपर जरा जरी वाकलेलं दिसलं, तरी लगेच फोन करा.

तुमची,
बागेतली विद्यार्थिनी