२६ तारखेच्या आत वाचा

मेलबर्न, ४ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवरच सांगणार होते. दोनदा फोन लावलाही. पहिल्यांदा आई म्हणाली कुकर लावलाय, नंतर बोल. दुसऱ्यांदा बाबा, तुम्ही उसाची तोड कशी लांबली ते अर्धा तास सांगत राहिलात आणि माझा धीर होईना. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. आणि वाचून झालं की लगेच दादाला फोन लावू नका, त्याला माहीत आहे.

मी इथलं नागरिकत्व घेतेय. परीक्षा ऑगस्टमध्येच झाली, २० प्रश्न होते, वीसच्या वीस बरोबर आले. (बाबा, एवढं तरी तुम्हाला तेव्हाच सांगावंसं वाटत होतं.) आता शपथविधीचं बोलावणं आलंय आणि तारीख पडलीय २६ जानेवारी. मी निवडलेली नाही, इथल्या नगरपालिकेने दिली. सकाळी दहाला आहे, म्हणजे तुमच्याकडे पहाटेचे साडेचार. खळ घातलेला झब्बा चढवून तुम्ही शाळेकडे निघायच्या आत माझं सगळं उरकलेलं असेल.

आई, तू आत्ता डोळे पुसत असशील तर आधी पुढचं ऐक. शपथ मी तीन-चारदा वाचली. त्यात भारत सोडते असं एक अक्षर नाही. अमेरिकेच्या शपथेत आहे, आधीच्या देशावरची सगळी निष्ठा टाकते असं हात वर करून म्हणावं लागतं. दादाने ती घेतली तेव्हा तो आठ दिवस फोनवर नीट बोलत नव्हता, आणि आपण त्यालाच शिष्ट म्हणालो. असो. माझ्या शपथेत ऑस्ट्रेलियाशी आणि इथल्या लोकांशी एकनिष्ठ राहीन, कायदे पाळीन, एवढंच आहे. देवाला साक्ष ठेवून म्हणा किंवा न ठेवता म्हणा. मी ठेवणार आहे, कुठला देव ते कुणी विचारत नाही. सोडायला लावतो तो आपलाच १९५५ चा कायदा. दुसरीकडचं घेतलं की इकडचं त्या क्षणी गेलं.

मग कशाला घेतेस, असं विचाराल. ऑफिसात बढतीला अडतं, पासपोर्टवर फिरणं सोपं होतं, ही कारणं खरी आहेतच. पण बाबा, खरं सांगायचं तर मतदान. तुम्ही निवडणुकीच्या ड्युटीवर मतपेट्या घेऊन डोंगरातल्या वाड्यांवर जायचात आणि तिसऱ्या दिवशी धुळीने माखून परत यायचात. त्या घरातली मुलगी बारा वर्षं कुठेच मत देत नाहीये. इथे मतदान सक्तीचं आहे, १९२४ पासून. केंद्र बहुधा शाळेत असतं आणि फाटकाशी पालक मंडळी शाळेच्या निधीसाठी सॉसेज भाजून विकत असतात. हे तर तीन वर्षांपूर्वीच नागरिक झाले. ते रांगेत उभे राहतात आणि मी फाटकाशी पावात भाजलेला कांदा घालून खात त्यांची वाट बघते. दर वेळी स्वतःचीच लाज वाटते.

तुम्ही इथे आला होतात तेव्हा त्या दुकानात झेंडा छापलेल्या चपला बघून केवढे चिडला होतात! मागच्या फोनवर परत तेच, ‘तिथली माणसं देश मानतात का गं?’ खरंय, इथे झेंडा चपलेवर असतो, टॉवेलवर असतो, पोहायच्या चड्डीवर असतो. तुम्ही तर झेंडावंदन झालं की रस्त्यात पडलेले कागदी झेंडे आम्हाला वेचायला लावायचात. पायाखाली आला तर आजी रागवेल, म्हणायचात. मी गटारात हात घालून एक काढला होता, आठवतं? तुम्ही तो धुऊन दोरीवर वाळत घातलात आणि आईने माझा हात दोनदा साबणाने धुतला.

दादाकडे राहिले तेव्हा वाटलं, ही माणसं आपल्यासारखी. दारोदारी झेंडा, आणि त्याचा मोठा रोज सकाळी वर्गात छातीवर हात ठेवून झेंड्याची प्रतिज्ञा म्हणतो. पण ४ जुलैला त्याच झेंड्याच्या कागदी रुमालाला सगळ्यांनी हात पुसले. आणि इंग्लंडात लीड्सच्या आत्तेबहिणीने घराला झेंडा लावला तर शेजारचे विचारतात, आज फुटबॉलची मॅच आहे का? तीच माणसं नोव्हेंबरच्या सुरुवातीला, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीत, कोटाला पॉपीचं कागदी फूल लावून हिंडतात.

इथल्यांचं खरं काय ते २५ एप्रिलला कळतं. तुमचा पाय सुजला म्हणून त्या वर्षी आपलं राहिलं. १९१५ साली याच दिवशी पहाटे यांचे सैनिक तुर्कस्तानच्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. आठ महिने लढले, आठ हजारांवर मेले आणि शेवटी किनारा सोडून परत आले. सपशेल हार. आपलं पानिपत समजा. तरी दरवर्षी उजाडायच्या आधी हजारो माणसं इथल्या स्मारकापाशी काळोखात उभी राहतात. घोषणा नाहीत, स्पीकरवर गाणी नाहीत. बिगुल वाजतं आणि मग एवढी शांतता की शेजारच्याचा श्वास ऐकू येतो. कोटाला टाचणीने रोझमेरीची डहाळी लावायची. माझी सारखी वाकडी होत होती, तर एका आजोबांनी न बोलता सरळ करून दिली. तुम्ही माझ्या युनिफॉर्मला झेंडा लावायचात तशीच, टाचणीचं टोक आत वळवून.

गॅलिपोलीत खेचरं हाकत रसद पोचवणारे आपले हिंदी सैनिकही होते. शाळेच्या ओट्याजवळची १९१४-१९१९ कोरलेली संगमरवरी पाटी, जिला आम्ही सायकली टेकवून ठेवायचो, ती मला त्या काळोखात आठवली. पणजोबा बसऱ्याहून परत आले म्हणून आपण आहोत.

२६ जानेवारीचं मात्र इथे सरळ नाही. १७८८ साली त्या दिवशी इंग्रजांनी सिडनीला आपला झेंडा रोवला. मूळच्या लोकांना तो घर लुटलं गेल्याचा दिवस वाटतो आणि शहरात मोठा मोर्चा निघतो. ऑफिसातली एक मैत्रीण त्यांच्यातली आहे. तिला माझी तारीख सांगताना जीभ अडखळली. ती म्हणाली, ‘अभिनंदन. मी मोर्चात असेन.’ दोन्ही मनापासून. राष्ट्रगीतातला एक शब्दही २०२१ च्या १ जानेवारीपासून बदलला. आधी ‘तरुण आणि स्वतंत्र’ म्हणायचे. हजारो वर्षं माणसं राहत असताना देश तरुण कसला? आता ‘एक आणि स्वतंत्र’ म्हणतात. बाबा, तुम्ही असतात तर दोन्ही बाजूंनी वाद घातला असतात.

आता कामाचं. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते, मिळालं की मला आजन्म व्हिसा लागणार नाही, माझं येणं-जाणं आहे तसंच राहील. मत देता येणार नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते, तेव्हा भाऊकाकांनी काही सांगितलं तर ऐकून सोडून द्या. पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात, तो मी तुमच्याकडेच ठेवायला आणीन. मधले काही आठवडे हाती कार्ड नसेल. तेवढ्या दिवसांत दोघांनी आजारी पडायचं नाही. आई, साखर दर सोमवारी तपासायची आणि आकडा खरा सांगायचा. बाबा, १५ ऑगस्टसारखं उन्हात तासभर ताठ उभं राहून चक्कर आणायची नाही. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं आहे, तेवढं उभे राहा. भाषणांना खुर्ची घ्या. हेडमास्तरांना मी मेसेज केलाय, ते पहिल्या रांगेत ठेवणार आहेत.

आणि एक. इथे घरातल्या गेलेल्या माणसाचं पदक वारस छातीवर उजव्या बाजूला लावतात. पणजोबांचं आजीच्या ट्रंकेत गोधडीखाली बोर्नव्हिटाच्या डब्यात असेल. दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. आई, चिंच लावून घासू नकोस, काळं आहे तसंच राहू दे.

तुमची,
बबडी

ता. क. २६ ला पहाटे जाग आली तरी साडेचारला फोन करू नका, मला रडू येईल. झेंडावंदन करून घरी या, चहा घ्या, मग करा.