पुन्हा दाखल कशाला?

प्रिय मुक्ता,

काल तू फोनवर चिडली होतीस. "ईईजीत डावा टेम्पोरल लोब आला ना? मग पुन्हा हॉस्पिटलात दाखल कशाला? वर गोळ्या कमी करून मुद्दाम फिट आणायची?" प्रश्न रास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

ईईजी म्हणजे डोक्यावर तारा लावून काढलेला मेंदूतल्या विजेचा आलेख, आणि टेम्पोरल लोब म्हणजे कानशिलाजवळचा मेंदूचा भाग. त्या रिपोर्टमधल्या टोकदार लाटा फिट आलेली नसतानाच्या आहेत. त्या दिसतात तिथूनच फिट सुरू होते असं पुष्कळदा असतं, नेहमी नसतं. दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबल्या नाहीत, म्हणून ऑपरेशनचा विषय निघाला. 'पुष्कळदा' एवढ्यावर कुणी मेंदूला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण कवटीची आहे. जर्मन डॉक्टर हान्स बर्गरने १९२४ मध्ये जर्मनीतल्या येना इथे माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली. छापायला १९२९ उजाडलं, इतका तो स्वतःच साशंक होता. डोक्यावर पोचेपर्यंत ही वीज व्होल्टच्या काही लाखांश भागांएवढीच उरते. मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण दहा चौरस सेंटिमीटर भाग एका वेळी उसळला, तरच टोकदार लाट बाहेर नीट दिसते. टेम्पोरल लोबच्या आतल्या हिप्पोकॅम्पससारख्या खोल जागी सुरू झालेली फिट आलेखात उमटते तेव्हा ती बरीच पसरलेली असते. शिवाय बाहेरच्या नोंदीवरून आतली जागा काढणं म्हणजे भिंतीवरच्या सावलीवरून हात ओळखणं. वेगवेगळ्या हातांची सावली सारखीच पडू शकते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५३ मध्येच हे गणिताने दाखवलं होतं.

म्हणून तुला दाखल करून प्रत्यक्ष फिट पकडायची. कॅमेरा आणि ईईजी एकाच घड्याळावर चालतात. आधी काय झालं, मग काय झालं, हा क्रम त्यात सापडतो. तुझा उजवा हात ताठ होऊन वाकडा होतो, हे तुला आठवत नाही, आम्हाला दिसतं. ते डाव्या बाजूकडे बोट दाखवतं. पण 'पोटातून गोळा वर चढतो' हे फक्त तुलाच कळतं, आणि बऱ्याचदा तेव्हा आलेख अजून शांत असतो. त्या क्षणी हाताशी दिलेलं बटण दाब, म्हणजे नोंदीत त्या वेळेची खूण पडते. "उगाच दाबलं तर?" असं मनात आणू नकोस, दाब. गोळ्या कमी करणं घरी धोक्याचं. हॉस्पिटलात नर्स आणि इंजेक्शन हाताशी असतात.

फिट, एमआरआय आणि ईईजी एकाच जागेबद्दल बोलले तर उत्तम. नाहीतर कवटीला बारीक छिद्रं पाडून आत तारेसारखे इलेक्ट्रोड ठेवतात. तालेराक आणि बांको यांनी पॅरिसमध्ये १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली. त्याचा विचार आत्ता नको.

आदल्या दिवशी केस धू, तेल लावू नकोस. कपडे पुढून बटणांचे घे. डोक्यावरून काढताना तारा सुटतात.

तुझा,
बाबा