मथळ्याचा फाँट मथळ्यापुरताच

महोदय,

पुरवणीच्या मथळ्यांना ‘रोझा वन’ शोभतो, यात वाद नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा मोफत देवनागरी-रोमन फाँट. जाड दांडा आणि केसासारखी रेघ यांतला टोकाचा फरक हाच त्याचा नखरा. मात्र तो 14 पॉइंटच्या उपमथळ्याला लावला की न्यूजप्रिंटवर, म्हणजे वृत्तपत्राच्या कागदावर, बारीक रेघा तुटतात. गडद पट्टीवर पांढरी अक्षरे ठेवली तर शाई पसरून त्या बुजतातच. निदान 36 पॉइंट हवा. पांढऱ्या अक्षरांना 48.

काळा मथळा एकट्या काळ्या प्लेटवर (छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी) ठेवावा. चार रंगांतून काळा केला आणि रजिस्टर (प्लेटांची एकमेकींवरची जुळणी) किंचित हलले, की रेघेला रंगीत सावली येते. फाँटला वजन (रेघांची जाडी) एकच; त्यामुळे बटण दाबून केलेला बोल्ड ही नुसती सूज, अक्षरांची पोटे (आतली मोकळी जागा) भरतात. ओळ भरण्यासाठी अक्षरांमधले अंतर तर वाढवूच नये, शिरोरेघ तुटते. (हे कोणत्याही देवनागरी फाँटला लागू, तरी रोज दिसते!) दोन ओळींच्या मथळ्यात वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार आदळतात; 48 पॉइंटच्या अक्षराला ओळीची उंची 60 पॉइंट धरावी.

गुळगुळीत आर्ट पेपरवरच्या लग्नपत्रिकेत हाच फाँट 24 पॉइंटलाही निभावतो.

— एक अक्षरजुळणीकार, पुणे