भांडी बाजारातल्या त्या काकांचे आभार

आईच्या कुकरची शिट्टीच होईना, वाफ नुसती कडेने फुसफुसायची. ऑनलाइन नवी रिंग मागवली, तरी तेच. शेवटी आपल्या नाशिकच्या भांडी बाजारात नेला. काकांनी झाकण उजेडात धरलं, काठावरून बोट फिरवलं. "रिंग चांगलीये हो, काठाला पोचा आलाय." लाकडी हातोडीने हलकेच ठोकून काठ सरळ केला. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र बदलायलाच लावला. पाणी आटलं की त्यातला धातू वितळून वाफ बाहेर पडते, म्हणून तो जुना ठेवायचा नाही, हे आईला नीट समजावलं. मग पोऱ्याने शेगडीवर शिट्टी काढून दाखवली. पैसे फक्त व्हॉल्व्हचे! दिवाळीच्या गर्दीत नाव विचारायचं राहिलं. काका, आणि शेगडीवाल्या दादा, मनापासून आभार. आता आई इडलीपात्र घेऊन येणार आहे, तयारीत राहा.