बाबा, ही वाट तुम्हाला झेपेल

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता आमचं फिरणं गल्लीच्या टोकापर्यंतच." मी तेव्हा गप्प राहिले. असलं बोलणं फोनवर धड होत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघांनी इकडे यायचं आहे आणि माझ्याबरोबर एक वाट चालायची आहे. तुमच्या गुडघ्यांचा विचार करूनच मी ती ठरवली आहे.

मी सुटीच्या दिवशी जाते तो भाग मानहाइमहून लोकल गाडीने अर्ध्या तासावर सुरू होतो. फाल्त्स म्हणतात त्याला. द्राक्षलागवडीत जर्मनीत याचा दुसरा नंबर, साधारण साडेतेवीस हजार हेक्टर. ऱ्हाइनच्या सपाटीवरून पश्चिमेला पाहिलं की हार्टची डोंगररांग आडवी दिसते. वर सगळं रान आणि पायथ्याला लागून द्राक्षमळे. हे असं का, ते मला तिथल्याच एका मळेवाल्या काकांनी सांगितलं. डोंगर तांबड्या वालुकाश्माचा, माती रेताड, तिच्यात कस नाही. तिथे शेती कधी परवडलीच नाही, म्हणून जंगल टिकलं. आता तर ते युनेस्कोचं संरक्षित जीवावरण आहे, 1992 पासून. आणि पावसाचे ढग येतात पश्चिमेकडून, ते डोंगरापलीकडेच बरेचसे रिते होतात. अलीकडच्या बाजूला ऊन भरपूर. त्यामुळे जर्मनीत असूनही इथे बदाम आणि अंजीर होतात.

आपल्याकडे असतो तसा मांडव इथे नाही. तारा ताणलेल्या आणि वेली रांगेत उभ्या, त्यामुळे दोन रांगांमधून थेट डोंगरापर्यंत नजर जाते. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी. इथे वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. माणूस एकेका वेलीपाशी थांबतो, एखाददुसरी काडी ठेवतो, बाकीच्या काढतो आणि ठेवलेली काडी वाकवून तारेला बांधतो. थंडीत तासन् तास हेच काम. सध्या मार्च चालू आहे, आणि छाटलेल्या टोकांमधून पाणी ठिबकतंय. जमीन तापायला लागली की मुळं पाणी वर ढकलतात, पण पानं अजून फुटलेली नसतात, मग ते पाणी कापलेल्या तोंडातून बाहेर येतं. थेंब टोकाशी जमतो, फुगतो, उन्हात चमकतो आणि पडतो. लगेच मागून दुसरा. मी बोटावर घेऊन चाखून पाहिलं, जवळजवळ साधं पाणीच. बाबा, तुम्ही असता तर त्या एका वेलीपाशी सहज अर्धा तास उभे राहिला असता, आणि आईने दोनदा हाका मारल्या असत्या.

आई, तुझी काळजी मला कळते. एकटी मुलगी, अनोळखी जंगल. पण हे रान तसं निर्मनुष्य नाही. झाडांच्या खोडांवर रंगाच्या खुणा केलेल्या असतात, फाट्याफाट्यावर पाट्या असतात. फेल्त्सरवाल्ड म्हणजे हेच रान, त्याच्या नावाची फेल्त्सरवाल्ड संघ ही संस्था 1902 पासून हे काम करतेय. खुणा रंगवणारी बरीचशी माणसं निवृत्त झालेली, बाबांच्याच वयाची, पगाराशिवाय राबणारी. याच लोकांनी जंगलात जागोजागी विश्रांतीच्या झोपड्या उभ्या केल्या आहेत. म्हणायला झोपड्या, पण आत लाकडी बाकं, गरम जेवण आणि गर्दी. लांबलचक टेबलाशी जिथे जागा असेल तिथे बसायचं, शेजारी कोण आहे याचा विचार करायचा नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा एका आजींनी सरकून जागा करून दिली आणि त्यांच्या ताटातला पाव माझ्यापुढे केला. परदेशात मला घरातल्यासारखं पहिल्यांदा वाटलं ते तिथे. ही झोपड्यांची पद्धत 2021 मध्ये जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली, आणि मला ते अगदी योग्य वाटलं. तुझ्यासाठी उकडलेले बटाटे आणि चक्का मिळतो, कांदा घातलेला. वाइन न पिणाऱ्याला द्राक्षाचा रस देतात, आणि त्याला कोणी नाव ठेवत नाही.

गोचिडींची मात्र इथे खरोखर काळजी घ्यावी लागते, त्यांच्यामुळे आजार होतात. मी पायघोळ पँट आणि मोजे घालूनच रानात शिरते, घरी आल्यावर सगळं अंग तपासते. लसही घेतली आहे. झालं समाधान?

आता तुमची वाट. रोट नावाचं एक गाव आहे, वालुकाश्माच्या कमानी आणि दारांवर चढवलेल्या वेली. गावाला लागून ट्रामिनर जातीच्या द्राक्षांचा एक छोटा मळा आहे, साडेतीनशे वर्षांहून जुना समजला जाणारा. खोडं मांडीएवढी जाड, पिळलेली, काही तर आतून पोकळ, आणि तरी दरवर्षी घड धरतात. तिथून लुडविग्सहोए या राजवाड्यापर्यंत मळ्यांमधून चढत जाणारी वाट आहे, दोनएक किलोमीटर. बव्हेरियाच्या पहिल्या लुडविग राजाने उन्हाळ्यात राहायला तो बांधला. उतार गुडघ्यांना जास्त छळतो असं तुमचे डॉक्टरच म्हणाले होते ना? म्हणून फक्त चढायचं, तेही सावकाश, बाकावर बसत बसत. येताना टॅक्सी. राजवाड्यापासून रीटबुर्ग किल्ल्यावर जायला तारेवरून सरकणारा खुर्च्यांचा पाळणा आहे, 1954 पासूनचा. दोघांना शेजारी शेजारी बसता येतं. पाळणा चेस्टनटच्या झाडांवरून जातो आणि वर पोहोचलं की सगळी ऱ्हाइनची सपाटी खाली पसरलेली.

ऑक्टोबर अशासाठी, की द्राक्षं पिकताना मळ्यांतल्या बऱ्याच वाटा बाहेरच्यांना बंद करतात. पाखरं उडवायला बार काढतात, आईला ते आवाज सोसणार नाहीत. महिन्याच्या मध्यापर्यंत तोडणी बरीचशी उरकते, वाटा मोकळ्या होतात आणि पानं पिवळी पडायला लागतात. चेस्टनटही तेव्हाच गळतात. काटेरी बोंड बुटाने दाबून फोडायचं, आत दोन-तीन तपकिरी, तुकतुकीत फळं. आई, पिशवी भरून वेचू आणि संध्याकाळी घरी भाजू.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून. कागदांची यादी मी वेगळी पाठवते. बाबा, तुम्ही उद्यापासून सकाळी गल्लीच्या टोकाच्या पुढे, देवळापर्यंत जायला लागा. काठी न्या, लाजू नका. इथे तर तरुण पोरंही दोन-दोन काठ्या घेऊन चालतात. बूट आत्ताच घ्या आणि घरात घालून वापरा, म्हणजे इथे आल्यावर चावणार नाहीत. आई, डॉक्टरांना प्रवासाचं विचारून मला रविवारच्या आत कळव.

तुमची,
लेक