मेगर पास झाला म्हणजे व्हॅक्यूम शाबूत, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत 11 केव्ही पॅनेलमधला व्हॅक्यूम ब्रेकर (निर्वातात प्रवाह तोडणारा स्विच) अनेक ठिकाणी नुसता मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) लावून 'ओके' केला जातो. ज्या बंद बाटलीत ब्रेकरचे कॉन्टॅक्ट असतात, तिच्यातले निर्वात टिकले आहे की नाही, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

ब्रेकर उघडा असताना दोन कॉन्टॅक्टमध्ये जेमतेम 10 मिमी अंतर असते. गळतीने बाटली हवेने भरली तरी एवढी हवा सुमारे 30 केव्ही (पीक, म्हणजे लाटेचे सर्वोच्च मूल्य) सोसते. 5 केव्हीचा मेगर तिथे उत्तम रीडिंग देणारच. दोष उघडा पडतो तो फॉल्टचा (शॉर्ट सर्किटचा) प्रवाह तोडताना. आर्क विझत नाही आणि बाटली फुटते.

म्हणून हायपॉट, म्हणजे उच्च व्होल्टेज लावून केलेली चाचणी, हवाच. ब्रेकर बाहेर काढून, उघडा ठेवून, बाटल्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. एकेका फेजच्या दोन टोकांत एसी व्होल्टेज हळूहळू चढवावे. नव्या 12 केव्ही ब्रेकरसाठी (11 केव्ही पॅनेलमधल्या ब्रेकरचे रेटिंग 12 केव्ही असते) 28 केव्ही एक मिनिट, हे मानक आहे. वापरातल्याला साधारण त्याच्या 80 टक्के, म्हणजे 22 केव्ही. त्याचे पीक 31 केव्ही होते, म्हणजे हवेच्या मर्यादेच्या जेमतेम वर. याहून कमी व्होल्टेजवरची चाचणी फसवी.

चढवताना एखादी ठिणगी पडली म्हणून बाटली बाद करू नका. निर्वातात ठिणगीची सुरुवात धातूच्या पृष्ठभागापासून होते. कॉन्टॅक्टवरच्या सूक्ष्म टोकांवर विद्युतक्षेत्र कित्येक पटींनी एकवटते, इलेक्ट्रॉन सुटतात, टोक तापून त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून विसर्ग पेटतो. टोक जळाले की तीच बाटली जास्त व्होल्टेज सोसते. शून्यावर येऊन पुन्हा चढवा. दर वेळी खालच्याच आकड्यावर कोसळली, तर बदला. डीसी संच असेल तर टोके उलटवून दुसऱ्यांदा तपासा, कारण असे टोक ऋण बाजूला आले तरच गळती दाखवते.

दोन खबरदाऱ्या कोणी सांगत नाही. हेच इलेक्ट्रॉन समोरच्या कॉन्टॅक्टवर आदळून क्ष-किरण निर्माण होतात. कॉन्टॅक्टमधले अंतर ठरल्यापेक्षा कमी ठेवू नका, ठरलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ नका आणि काही मीटर दूर उभे राहा. चाचणीनंतर बाटलीच्या मधल्या धातूच्या कड्यावर चार्ज उरू शकतो, त्यालाही अर्थिंग रॉड (चार्ज जमिनीत उतरवणारी दांडी) लावल्याशिवाय हात लावू नका.

अहवालात मेगरशेजारी तिन्ही फेजचे हायपॉटचे आकडे वेगवेगळे मागून घ्या.

— स्विचगिअर चाचणीतील एक अभियंता