पुनर्विकासाच्या करारात नेटच्या केबलचाही मुद्दा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लालबाग-परळपासून मुलुंडपर्यंत जुन्या चाळी आणि सोसायट्या पाडून टॉवर उभे राहत आहेत. सही करण्याआधी रहिवासी कार्पेट एरिया, कॉर्पस निधी, भाडं, पार्किंग यांवर रात्र रात्र बोलतात, आणि ते बोलायलाच हवं. पण घरात नेटवर्कची केबल कुठून फिरणार, हे बिल्डरला विचारलेलं मी अजून एकाही सभेत ऐकलेलं नाही. मी लॅनच्या, म्हणजे इमारतीतल्या नेटवर्कच्या, केबलिंगचं काम करतो. हा प्रश्न राहून गेला की ताबा मिळाल्यावर लोकांचे काय हाल होतात, ते मी रोज बघतो.

मागच्या पावसाळ्यात परळमधल्या एका नव्या इमारतीत गेलो होतो. घरातल्या ताई घरूनच नोकरी करतात. नेटची कंपनी बदलून झाली, प्लॅन वाढवून झाला, महागडा राउटर आला, तरी मीटिंगमध्ये त्यांचा आवाज तुटायचा. भिंतीवरची प्लेट उघडली तर आत आठही तारांचा पीळ बोटभर उलगडून ठेवलेला. एक तार ब्लेडने खरवडली, तर वरचा लाल मुलामा निघून आतून पांढरी चकाकी दिसली. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली स्वस्त केबल. तिचा रोध तांब्याहून बराच जास्त, शिवाय जरा वाकवली की तुटते. आणि ही केबल एसीच्या विजेच्या लाइनच्याच पाइपातून ओढलेली होती!

हा पीळ शोभेसाठी नसतो. आठ तारांच्या पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. जोडीतल्या दोन तारांवर एकच सिग्नल एकमेकांच्या उलट धावतो. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्हींवर साधारण सारखाच पडतो आणि पलीकडे दोन्हींतला फरक घेतला की तो वजा होतो. पीळ उलगडला की हे गणित बिघडतं, म्हणून कनेक्टरपाशी तो अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नसतो.

तरीही ताईंना कुणी केबल बघायला सांगितलं नाही, कारण नेट ‘बंद’ कधीच नव्हतं. नेटवर्क थराथरांनी रचलेलं असतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुन्यात असे सात थर आहेत. आम्हाला रोजच्या कामात पाच पुरतात. सगळ्यात खाली केबल, कनेक्टर आणि त्यातून धावणारा सिग्नल. त्यावर इथरनेट: प्रत्येक यंत्राचा ४८ बिटांचा मॅक पत्ता आणि तो वाचून फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, योग्य पोर्टला धाडणारा स्विच. त्यावर आयपी, म्हणजे डेटाचं पॅकेट एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पोचवायचं राउटरचं काम. चौथा थर टीसीपीचा. वाटेत हरवलेलं पॅकेट तो पुन्हा मागवतो. सगळ्यात वर आपण वापरतो ती ॲप्स.

खालच्या थरातला दोष वरच्या थरात वेगळ्याच रूपात दिसतो. खराब केबलमध्ये फ्रेम बिघडते आणि स्विच ती टाकून देतो. टीसीपी ते पॅकेट पुन्हा मागवतो, पण रस्त्यात गर्दी झाली असं समजून वेगही कमी करतो. म्हणून वेबसाइट उघडते, फक्त सावकाश. व्हिडिओ कॉल बहुधा टीसीपीऐवजी त्याच थरातल्या यूडीपीवर चालतो. तिथे हरवलेलं परत मागवायची सोय नाही, म्हणून आवाज तुटतो. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटच्या वेगाला, चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर जोडणी अनेकदा गुपचूप १०० मेगाबिटवर येते. दिवा लुकलुकत राहतो आणि लोक कंपनीला दोष देत बसतात.

‘आता सगळं वायफायवरच चालतं, केबल कशाला?’ असं कमिटीवाले मला ऐकवतात. पण एका मजल्यावर सहा-आठ घरांचे राउटर एकाच हवेत बोलत असतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन, वर आरसीसीच्या भिंती. केबलवर मात्र स्विचचं प्रत्येक पोर्ट स्वतंत्र असतं आणि एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालतं.

थरांची रचना अशी की एक थर बदलला तरी बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. मेटकाफ आणि बॉग्ज यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात इथरनेटवर काम सुरू केलं, तेव्हा ते कोॲक्सवर, म्हणजे टीव्हीच्या केबलसारख्या जाड केबलवर, होतं. आज ते पीळदार तारांवर आणि फायबरवर धावतं. कंपनी, राउटर, ॲप उद्या बदलतील. भिंतीत गेलेली केबल मात्र भिंत फोडल्याशिवाय निघत नाही.

म्हणून वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गच्या बीडीडी चाळींपासून छोट्या सोसायट्यांपर्यंत, पुनर्विकासात असलेल्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक खोलीपर्यंत विजेपासून वेगळा २५ मिमीचा पाइप मागा आणि त्यात ओढायची दोरी सोडून ठेवायला सांगा. केबल निखळ तांब्याची, कॅट-६ दर्जाची हवी. लॅमिंग्टन रोडवर दोन्ही प्रकारचा माल मिळतो, म्हणून कामाआधी नमुना खरवडून बघा. तांब्याच्या केबलची लांबी १०० मीटरच्या आतच ठेवायची असते. ३० मजल्यांच्या टॉवरमध्ये नुसती उभी उंचीच ९० मीटरच्या आसपास जाते, म्हणून डक्टमध्ये फायबर आणि मजल्यांवर स्विचसाठी जागा नकाशातच दाखवून घ्या. आणि ताबा घेण्याआधी प्रत्येक पॉइंटचा टेस्ट रिपोर्ट मागा. त्यात चारही जोड्या ‘पास’ दिसल्या पाहिजेत.

आपला,
एक केबलिंग तंत्रज्ञ, परळ, मुंबई